चंद्रपूरचं ऊन आणि वन्संचं खुराडं

गेल्या मे महिन्यात मी चंद्रपूरला निघाले तेव्हा घरात सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. "लोक मे महिन्यात महाबळेश्वर गाठतात आणि तू भट्टीत चाललीस!" असं आमच्या ह्यांनी बॅग उचलता उचलता ऐकवलंच. आम्ही साताऱ्याचे, महाबळेश्वर आम्हाला हाकेच्या अंतरावर. तेव्हा त्यांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण वन्संचा फोन आला होता. "वहिनी, पुन्हा कोंबड्या पाळाव्या म्हणते. पण धीर होत नाही हो. तुम्ही येऊन एकदा जागा बघता का?"

वन्सं म्हणजे माझी धाकटी नणंद. वीस वर्षांपूर्वी चंद्रपूर जिल्ह्यात दिली. जावईबुवा तेव्हा कोळशाच्या खाणीत कंत्राटावर होते, आता घरच्या चार एकर धानावर संसार चालतो. माझं माहेर वाईकडचं, आईच्या परड्यात कायम कोंबड्या, म्हणून या बाबतीत वन्संना माझा भारी विश्वास. मला मात्र खात्री नव्हती. वाईची हवा वेगळी आणि चंद्रपूरचं ऊन वेगळं. निघताना बाजारातून भिंतीवर टांगायचं एक साधं तापमापक तेवढं विकत घेतलं. त्याचा पुढे फार उपयोग झाला.

पुण्याहून रात्रीची गाडी धरली, सेवाग्रामला बदलली. तिथून दक्षिणेकडे हिंगणघाट, वरोरा, भांदक अशी स्टेशनं लागतात. वरोरा आलं की बाबा आमट्यांचं आनंदवन आठवतंच. १९४९ साली त्यांनी ते याच उन्हात, याच खडकाळ जमिनीवर उभं केलं. खिडकीची दांडी हाताला चटका देत होती. समोरच्या बाईंनी डोकं, कान आणि तोंड ओढणीनं असं बांधलं होतं, की फक्त डोळे दिसावेत. मला वाटलं धुळीसाठी. त्या म्हणाल्या, "बांधा ताई तुम्ही पण. उन्हासाठी हाये हे." आणि स्वतःच्या पिशवीतला एक कांदा काढून माझ्या हातावर ठेवला!

चंद्रपूर शहराला गोंड राजांनी बांधलेला दगडी परकोट आहे. जटपुरा दरवाजातून आमची रिक्षा गेली तेव्हा दुपारचे बारा वाजले होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. इथं बारा ते चार संचारबंदी असावी तसा प्रकार असतो. प्रत्येक घराच्या खिडकीला कूलर घरघरत असतो. २०१९ च्या मेअखेरीला इथला पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. आणि हेच गाव डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांच्या खाली उतरतं. मध्ये पावसाळाही चांगला दणदणीत, म्हणून तर पूर्वेकडे धान पिकतं. एका वर्षात तीन वेगवेगळ्या मुलखांची हवा एकाच अंगणात येते म्हणा ना.

मूलकडे जाणाऱ्या एस.टी.नं चिचपल्लीच्या पुढे गेलं की दोन्ही बाजूंना जंगल लागतं. साग, मोह, बांबू. ताडोबाचं जंगल ते. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं, पुढे अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. आपण मुलांना वाघ दाखवायला इथं जिप्सीतून येतो आणि फोटो काढून परत जातो. वन्संच्या गावाला मात्र जंगल परड्याच्या कुंपणाशी येऊन टेकलंय. तिथं वाघ बघायला कोणी जात नाही. तो दिसू नये म्हणूनच सगळे जपतात.

पोचल्यावर कैरीचं पन्हं झालं, डाळ-भात आणि वांग्याची भाजी झाली. संध्याकाळी वन्संनी मला मागच्या परड्यात नेलं. तिथं ते खुराडं उभं होतं. चारही बाजूंना टिनाचे पत्रे, वर टिन, खाली फरशी, पुढे टिनाचंच दार आणि दाराला जाडजूड कडी. मुंगीला शिरायला वाट नव्हती. आणि आत एकही कोंबडी नव्हती.

वन्संनी सगळं सांगितलं. त्यांच्याकडे पूर्वी बांबूच्या ताटव्याचं खुराडं होतं. एका दुपारी मुंगूस शिरलं आणि सात तलंगा माना चावून टाकून गेलं. खाल्ली एखादीच, बाकीच्या नुसत्या मारल्या. जावईबुवांना राग आला. त्यांनी पदरमोड करून टिन आणलं आणि हा डबा ठोकला. वर्षभर सगळं ठीक चाललं. बावीस कोंबड्या झाल्या. अंडी आणि कोंबडे विकून जे पैसे येत, ते वन्संच्या हातात राहत. लेक बारावीला होती, तिला नर्सिंगला घालायचं, चंद्रपूरला खोली घेऊन ठेवायचं, हे सगळं वन्संनी त्या बावीस कोंबड्यांवर मांडलं होतं.

मग त्या वर्षीच्या मे महिन्यात नात्यातलं लग्न आलं. दिवसभर घराला कुलूप. मुंगसाची धास्ती. म्हणून वन्संनी सकाळी कोंबड्यांना दाणे-पाणी ठेवलं, आत घातलं, आणि स्वतःच्या हातानं कडी लावली. चार वाजता परत येऊन दार उघडलं, तर दारापाशी एकीवर एक पडलेल्या. बावीसातल्या एकोणीस गेल्या. उरल्या त्या तिघीही दोन दिवसांत गेल्या.

"कोंबडीसाठी कोणी रडतं का, असं सासूबाई म्हणाल्या," वन्सं सांगत होत्या. "पण वहिनी, दार मीच लावलं होतं ना."

लेक त्या वर्षी घरीच राहिली. मला एवढ्या वेळात ती पोर दिसली नव्हती. मग पाहिलं, पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून आमचं बोलणं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता मी ते तापमापक रिकाम्या खुराड्यात टांगलं आणि दार लावलं. कडुनिंबाखाली आधी पाहिलं होतं तेव्हा ४४ होतं. खुराड्यातलं अर्ध्या तासानं बघितलं, तर लाल रेघ ५० वर जाऊन थांबलेली. तिच्यापुढे आकडेच नव्हते!

कोंबडीच्या अंगाची उष्णता मुळातच आपल्यापेक्षा जास्त, ४१ ते ४२ अंश असते. तिला घाम येत नाही. अंगावर पिसांची रजई कायमची. तिला गार व्हायचं एकच साधन, चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून दूर धरायचे. त्यालाही वाहती हवा लागते. कोंडलेल्या गरम हवेत ती धापा टाकून टाकून थकते आणि मरते. वन्संनी दाणे-पाणी ठेवलं होतं, पण त्या डब्यात पाणीही कढत झालं असणार. शिवाय दुपारचे दाणे पचवताना अंगात आणखी ऊब तयार होते. म्हणून उन्हाळ्यात दाणे पहाटे आणि सूर्य कलल्यावर द्यायचे, भर दुपारी पोट हलकं ठेवायचं.

आमचं हे चाललेलं असताना शेजारची मावशी कुंपणापाशी आली. सत्तरीच्या घरातली, सगळं आयुष्य या गावात गेलेलं. तिनं टिनावर काठी वाजवली आणि म्हणाली, "डब्ब्यात भाजी शिजते बाप्पा. कोंबडी जगते का?" मग मला म्हणाली, "मुंगसाले भिऊन घर बंद केलं, अन् आत उन्हाले ठेवून घेतलं. असं झालं हे."

मैत्रिणींनो, मी एवढा लांबचा प्रवास करून जे शोधायला आले होते ते मावशीनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. जनावराला अडवणं हे एक काम आणि उन्हाला अडवणं हे दुसरं. जावईबुवांनी दोन्ही कामं एकट्या टिनाला सांगितली होती. आम्ही ती वाटून द्यायचं ठरवलं. जनावराला जाळी अडवील, उन्हाला छप्पर अडवील, आणि मधून वारा जाईल.

त्या रात्री ओसरीवर बसून आम्ही तिघी-चौघींनी कागद-पेन्सिल घेतली. आधी शत्रूंची यादी केली. घरातल्या प्रत्येकाला एकेक ठाऊक होता. दिवसा मुंगूस, आणि पिलांसाठी घार, शिक्रा नि कावळा. तिन्हीसांजेला रानमांजर. रात्री उदमांजर, कोल्हा आणि गावातली कुत्री. अंड्यांवर घूस आणि साप. मावशीनं खुणाही सांगितल्या. अंडं टरफलासकट नाहीसं झालं तर साप, कारण तो अख्खं गिळतो. टरफलाचे तुकडे पडलेले दिसले तर घूस किंवा मुंगूस. कोंबडी अख्खी गायब आणि वाटेवर पिसं, तर मांजर नाही तर कोल्हा. पुष्कळशा मारून तिथंच टाकल्या असतील तर मुंगूस.

आणि बिबट्या. त्याचं नाव घेताना मावशीनं आवाज खाली आणला. बिबट्याला कोंबडी चालते, कुत्रं तर फारच चालतं. मेलेली कोंबडी किंवा पिसं, आतडी परड्यामागे फेकली की वासानं कुत्री येतात, आणि कुत्र्यांच्या मागावर बिबट्या येतो. म्हणून मेलेलं काहीही उघड्यावर टाकायचं नाही, खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. खुराड्याभोवती घाणेरीची, बेशरमाची झुडपं ठेवायची नाहीत. आणि रात्री कोंबड्या कितीही ओरडल्या तरी बाईनं एकटीनं बॅटरी घेऊन धावायचं नाही. आधी दारातूनच दिवा लावायचा, आवाज द्यायचा, चार माणसं उठवायची. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की पक्कं खुराडं हे नुसतं कोंबड्यांसाठी नसतं. ते पक्कं असलं की घरातल्या बाईला अंधारात बाहेर पडावं लागत नाही.

जागा नक्की करायला तीन दिवस गेले. मी तापमापक घेऊन सकाळी, दुपारी, संध्याकाळी परडंभर हिंडायची आणि पोरगी वहीत आकडे लिहायची. शेवटी मागच्या दारापासून बारा पावलांवरची जागा ठरली. तिच्या पश्चिमेला कडुनिंब आहे, त्यामुळे दोननंतरचं ऊन तोच अंगावर घेतो. मात्र छपरावर येणाऱ्या त्याच्या फांद्या आम्ही छाटल्या, नाही तर मांजराला जिनाच झाला असता. चूल तिथून लांब आहे, तेही पाहिलं, कारण छप्पर गवताचं करायचं होतं.

लांबी पूर्व-पश्चिम दहा फूट, रुंदी सहा फूट. लांबट बाजू उत्तर-दक्षिण ठेवल्या की सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त अरुंद बाजूंवर येतं. कोंबडीमागे दोन चौरस फूट जागा धरायची, या उन्हात त्याहून दाटी नको. या हिशेबानं पंचवीस-तीस कोंबड्यांची सोय झाली. खाली दगडाचा दीड फूट खोल पाया घेतला, म्हणजे उकरून आत येणाऱ्याला दगडच लागावा. त्यावर दीड फुटाची विटांची भिंत. आतली जमीन मुरूम घालून, चोपून बाहेरच्यापेक्षा उंच केली, पावसाळ्यात ओल येऊ नये म्हणून. वर धानाचा तूस पसरला, उन्हाळ्यात दोनच बोटं जाड.

भिंतीच्या वर साडेचार फूट नुसती जाळी. जाळीच्या बाबतीत मी हट्ट धरला. दुकानात जी षटकोनी चिकन जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं आणि तिच्या भोकातून घुशीचं पिल्लू, साप आरामात जातो. आम्ही अर्ध्या इंचाच्या चौकोनांची, जोडाला वेल्डिंग केलेली जाड जाळी आणली. महाग पडली. सगळ्या खर्चात सर्वांत जास्त पैसे जाळीलाच गेले. ते मी दिले, आणि वन्संनी ते माझ्यादेखत वहीत उसने म्हणून लिहिले. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, "लिहिलं नाही तर खुराडं माझं होणार नाही." मग मी गप्प बसले.

जाळीचाच माळा केला, म्हणजे वरूनही पिंजरा बंद. आणि त्या माळ्याच्या वर एक हात जागा मोकळी सोडून बांबूवर गवताचं आणि तणसाचं जाड छप्पर घातलं. चारही बाजूंना ते तीन-तीन फूट पुढे काढलं. पिंजऱ्यानं छत्री धरावी तसं दिसायला लागलं. गरम हवा वरच्या फटीतून निघून जाते, आणि छपरात साप-उंदीर शिरला तरी सहज खाली उतरू शकत नाही. जुनं टिन वाया गेलं नाही. जावईबुवांनी त्याची पावसाची पाखी केली आणि विटांच्या भिंतीला बाहेरून आधार दिला. त्यांनी आठ दिवस पहाटे साडेपाच ते साडेनऊ आणि उन्हं उतरल्यावर काम केलं. बोलले फारसं नाहीत. पण जाळीचं टोक न टोक हातानं चाचपून बघत होते. एकदा मला म्हणाले, "वहिनी, मी बी पक्कंच बांधलं होतं." त्यांना तेवढंच सांगायचं होतं.

दार माणसाच्या उंचीचं केलं, कारण झाडायचं वन्संना आहे, वाकून कंबर मोडायची नाही. दाराला दोन कड्या, एक वर आणि एक खाली. एकच कडी असली की दाराचा खालचा कोपरा हलतो आणि मुंगसाला तेवढं पुरतं. आत जमिनीपासून अडीच फुटांवर बांबूच्या दांड्या, कोंबडीला आठ बोटं... छे, आठ इंच जागा मिळेल अशा. गोल बांबू पायाला बरा पडतो. चार-पाच कोंबड्यांमागे एक याप्रमाणे अंडी घालायला खोकी ठेवली, फूटभर लांब-रुंद, तीही सावलीच्या बाजूला.

आणि एक गोष्ट, जी आदल्या वर्षी नव्हती. खुराड्याला लागून दहा फुटांचं जाळीचं अंगण. घराला कुलूप लावून जायचं झालं तर कोंबड्यांना कोंडायचं नाही, या अंगणात सोडायचं. त्याची जाळी खाली सरळ न पुरता बाहेरच्या बाजूला दीड फूट वळवून जमिनीत घातली, वर दगड-माती टाकली. जनावर नेमकं जाळीच्या बुडाशी उकरतं, तिथं त्याला पायाखालीच जाळी लागते. वरूनही जाळी, घारीसाठी. पश्चिमेला पोरीनं दोडक्याचा वेल लावला, मुनग्याची फांदी रोवली. मुनगा म्हणजे आपला शेवगा हो!

सगळं उभं राहिलं. मी म्हटलं, आता कोंबड्या आणू. पण वन्सं मागे सरल्या. नवतपा तोंडावर आला होता. २५ मेपासूनचे हे नऊ दिवस विदर्भात फार कडक मानतात. वन्संच्या डोळ्यांपुढे ते दार उघडलेलं दिसत असणार. मीही आग्रह केला नाही, कारण भर उन्हाळ्यात कोंबड्यांना गाडीत घालून आणणं शहाणपणाचं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी आली ती दोन्ही हातांत पाय धरून उलट्या कोंबड्या घेऊनच. मागे तिचा नातू आणखी चार घेऊन. "माह्या सहा ठेव," ती वन्संना म्हणाली. "नवतपा जाऊ दे. जगल्या तं मंग तुह्या आणजो." मावशीचं पोट त्या सहा कोंबड्यांवर नव्हतं हे खरं, पण तिच्याकडे दुसऱ्या नव्हत्या हेही खरं.

मी २८ तारखेपर्यंत राहिले. रोजचा क्रम असा होता. पहाटे दाणे. नऊला दोन मातीच्या गाडग्यांत पाणी, सावलीत, एकात थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ. साध्या दिवसांत एक कोंबडी पाव लिटरच्या आसपास पाणी पिते, उन्हाळ्यात दुप्पट आणि त्याहूनही जास्त. म्हणून दुपारी पाणी बदलायचं, गरम झालेलं ओतून द्यायचं. ओतायचं म्हणजे वाया नाही, छपरावर मारायचं! विहीर तळाला गेलेली, तेव्हा भांडी विसळलेलं, अंघोळीचं पाणी पोरगी बादलीत साठवून अकरा आणि दोन वाजता छपरावर आणि पश्चिमेच्या गोणपाटावर मारायची. कोरड्या हवेत हे अगदी कूलरसारखं काम करतं. मात्र पाऊस सुरू झाला, हवा दमट झाली की गोणपाट भिजवणं थांबवायचं, तेव्हा त्यानं उलट घुसमट होते.

२६ तारखेला दुपारी दोनला बाहेर सावलीत ४५ होतं. खुराड्यात ४०. कोंबड्या चोची उघडून, पंख सैल सोडून तुसात बसल्या होत्या. एक जरा मलूल वाटली, तिला वन्संनी गोणपाटाजवळ नेलं, तिचे पाय आणि तुरा ओला केला, गुळाच्या पाण्याचे चार थेंब चोचीत घातले. बर्फाचं पाणी एकदम अंगावर ओतायचं नाही. पाच वाजता ती उठून पाय ताणून चालायला लागली. वन्सं दुपारभर ओसरीवरून हलल्या नव्हत्या, जेवल्याही नव्हत्या. तेव्हा कुठे पान वाढून घेतलं.

मी साताऱ्याला परतले. ३ जूनला सकाळी फोन आला. वन्सं एवढंच म्हणाल्या, "सहाच्या सहा आहेत, वहिनी." मागे मावशी काहीतरी ओरडत होती, ते मला नीट ऐकू आलं नाही.

मृगाचा पाऊस पडून हवा निवल्यावर वन्संनी पंधरा तलंगा आणि दोन कोंबडे आणले. त्यातल्या दोघी उघड्या मानेच्या. मानेवर पिसं नसल्यानं त्या जातीला ऊन जास्त सोसतं, दिसायला मात्र नव्या नवरीनं केस कापून घ्यावेत तशा! आणल्या-आणल्या मानमोडीची लस टोचून घेतली, कारण खुराडं कितीही पक्कं असलं तरी रोग काही कडी वाजवून येत नाही. पावसाळ्यात तूस वारंवार खालीवर करावा लागला, ओला झाला की पिलांना रक्ताची हगवण लागते. ऑगस्टमध्ये अंगणाबाहेर गेलेलं एक पिल्लू घारीनं उचललं. थंडीत उत्तरेची गोणपाटं खाली सोडली, पण वरची हातभर फट उघडीच ठेवली. विष्ठेचा उग्र वास आत कोंडला की कोंबड्यांचे डोळे-छाती बिघडते, म्हणून थंडी कितीही असली तरी वारा बंद करायचा नाही.

तुमच्यापैकी कोणाकडे परडं असेल, निदान गावाकडे सासू किंवा आई कोंबड्या पाळत असेल, तर तिला एवढं जरूर सांगा. दार लावण्याआधी आत पाच मिनिटं बसून बघ. आपल्याला जिथं श्वास घेववत नाही तिथं ती मुकी जनावरं दिवस काढू शकत नाहीत. आणि दिवेलागणीला मोजून आत घे. कोंबड्या अंधार पडायच्या आत आपसूक घरी येतात, आपण फक्त आकडा बघायचा आणि दोन्ही कड्या लावायच्या.

वन्संची लेक आता चंद्रपूरला आहे, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला. प्रवेशाचे पैसेही त्या वहीत उसने म्हणूनच लिहिले गेले. संक्रांतीला त्यातला पहिला हप्ता माझ्या खात्यावर जमा झाला, आणि मागोमाग पोरीचा फोन. "मामी, तिळगूळ घ्या." मी विचारलं, करमतं का गं? म्हणाली, "करमतं. पण रोज संध्याकाळी आईला फोन करते. मोजल्या का, आणि खालची कडी लावली का, एवढंच विचारते."